डाव्या वळणाला डावीकडे

वेणू, तू गेल्यापासून घरी भेटायला माणसं येताहेत, आणि ती तुझ्याबद्दल जे सांगतात ते ऐकून मला हसू दाबावं लागतं. "फार शांत बाई." "कधी आवाज म्हणून चढला नाही." "घरात आहे की नाही तेही कळायचं नाही." परवा समोरच्या काकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "दोन शब्द विचारावेत तर एका शब्दात उत्तर द्यायची हो पोर." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला भरून आलं. आलंही होतं. पण त्याच वेळी मला कसाऱ्याच्या घाटातली तू दिसत होतीस. डोळ्यांवर गोऱ्या साहेबाचा भलामोठा चष्मा, पदर डोक्याला करकचून बांधलेला, आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याला हात करून ओरडतेयस, "मामा, बैल धरा! आमचं जनावर लय द्वाड हाय!"

काकूंचं काही चुकलं नाही. त्यांनी तुला पंचवटीत पाहिलं, आणि पंचवटीत तू तशीच होतीस. दुसरं करणार काय होतीस? दादा रामकुंडावरचे उपाध्ये. माडीवर इंदूरचे यजमान उतरलेले, पडवीत हैदराबादचे, स्वयंपाकघरात वहिनी आणि जाऊबाईंचा गोतावळा. मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही ही आपल्याकडची रीत. आमटीत मीठ कमी पडलं तर मी वहिनींना सांगायचं, वहिनींनी तुला सांगायचं, आणि तू पातेल्याकडे बघून मान हलवायची. लग्नाला वर्ष झालं तरी तुझा हसण्याचा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नव्हतं. तो मी पहिल्यांदा ऐकला तो इंजिनाच्या धडधडीवर.

ती फटफटी घरात आली तो दिवस तुला आठवत असेल. देवळालीच्या छावणीतला एक साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि सामान मिळेल त्या किमतीला विकत होता. मी रस्त्यांचा ओव्हरसीअर. इगतपुरीपासून पेठपर्यंत खडी, मोऱ्या, कठडे बघत हिंडायचं, ते आजवर सायकलने आणि टांग्याने. मी ती घेतली, आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेली साईडकारही नाइलाजाने घेतली, कारण साहेब ती वेगळी करायला तयार नव्हता. तिच्यात त्याचा कुत्रा बसत असे. सीट अस्सल चामड्याची होती. दादांनी ओट्यावरूनच दोन्ही गोष्टी ऐकल्या, चामडं आणि कुत्रा, आणि तिथूनच सांगितलं, "श्रीपाद, ते प्रकरण उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आणि आमच्यापैकी कोणाचा त्याला हातही लागणार नाही."

"आमच्यापैकी" या शब्दात तू येत नाहीस असं तू तिथल्या तिथे ठरवून टाकलंस. बिऱ्हाडातल्या बाईने कुत्र्याच्या जागी बसायचं यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. तू चौथ्या दिवशी वहिनींकडून परवानगी काढलीस, माहेरी जायचं म्हणून. सायखेडा तसं जवळ, नदीच्या काठाकाठाने सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट शेतं. त्या टोपलीत, तू तिला कायम टोपलीच म्हणायचीस, पाय दुमडून बसलीस, आणि गाव मागे पडल्यावर पहिला प्रश्न विचारलास.

"ही डोंगर चढती का?"

मी म्हटलं, चढते की.

"मग सायखेड्याला कशाला चाललोय? तिथं मी जन्मले. तिथं नुसतं सपाट हाय."

तुला डोंगराचं वेड का, ते मला तेव्हा कळलं. काळ्या रानात, उसाच्या आणि कांद्याच्या शेतांत वाढलेली मुलगी तू. घराच्या माळवदावरून लांब निळी रेघ दिसायची, तिच्यापलीकडे काय आहे ते कोणी सांगू शकत नसे. तुझे वडील म्हणायचे, "पलीकडे अजून डोंगर." तुझं त्यावर समाधान झालं नव्हतं.

मग काय, आपण डोंगर धरले. पेठच्या रस्त्यावरचा सावळ घाट, संगमनेरच्या पुढचा चंदनापुरीचा, चांदवडजवळचा, आणि सगळ्यांत जास्त वेळा आपला कसाऱ्याचा. माझं निमित्त कामाचं. तुझी निमित्तं वहिनींनाही पाठ झाली होती. आज मावशीला बरं नाही, उद्या त्र्यंबकला नवस आहे. वहिनी शेवटी शेवटी विचारायच्याच नाहीत, नुसतं थालीपीठ आणि दाण्याची चटणी बांधून द्यायच्या.

आता भांडणाकडे येतो. ते संपवायचं राहिलं आहे, आणि तू तिकडे स्वस्थ बसली नसशील.

साईडकारची गाडी चालवणं हे एकट्याचं काम नाही. टोपली डाव्या अंगाला. डावं वळण घेतलं की टोपलीचं चाक जमीन सोडू बघतं, आणि सोडलं की गाडी उलटते. म्हणून टोपलीतल्या माणसाने डाव्या वळणाला डावीकडे, पार बाहेर झुकायचं. उजव्या वळणाला उजवीकडे, चालवणाऱ्याच्या पाठीमागे. हे मी तुला पहिल्या घाटात एकदा सांगितलं. दुसऱ्या घाटात मला सांगायची गरज उरली नाही. तिसऱ्या घाटात तू मला सांगायला लागलीस. "आता वळवा. आता. अहो, आता!" नऊवारीचा काचा मारून तू अशी बाहेर लवायचीस की तुझं कोपर रस्त्याकडेच्या गवताला घासायचं. एकदा कसाऱ्याला एका गोऱ्या बाईने मोटारीतून ते पाहिलं आणि तोंडावर हात धरला. तू तिला त्याच स्थितीत नमस्कार केलास.

भांडण असं की घाट नेमकं कोण चढवतं. मी म्हणायचो, मी. माझ्या हातात हँडल, मी गिअर बदलतो, मी ब्रेक लावतो. तू म्हणायचीस, "तुम्ही नुसता तिचा कान पिळता. वळवते मी."

आणि या भांडणाला आपली ठरलेली जागा होती. घाट चढून येताना इंजिन तापायचं, अर्ध्यात थांबावं लागायचं. कसाऱ्याच्या घाटात, जिथून खाली दरीत रेल्वेचा उंच पूल दिसतो, त्या वळणावरच्या दगडी कठड्यावर आपण बसायचो. इंजिन गार होईपर्यंत हवं ते बोलायचं, हवं तेवढं भांडायचं, आणि किक मारली की विषय तिथेच सोडायचा. घरी भांडायला आपल्याला खोलीच कुठे होती? मी इतरांकडून ऐकतो, नवरा-बायको माजघरात भांडतात, अंथरुणात कुजबुजत भांडतात. आपलं सगळं भांडण, आणि खरं सांगायचं तर आपला सगळा संसार, त्या कठड्यावर झाला. मूल होत नाही याबद्दल तू एकदाच रडलीस, तेही तिथेच. मी इंजिनाला हात लावला आणि म्हटलं, अजून गार झालं नाही. ते तेव्हाच गार झालं होतं. तुलाही माहीत होतं. तू डोळे पुसून म्हणालीस, "हो, चांगलं तापलंय आज," आणि आपण ऊन उतरेपर्यंत बसून राहिलो.

महाबळेश्वरची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, कारण तिच्यात माझी शोभा आहे. तुझ्यापुरती पुन्हा सांगतो. वाईहून पसरणीचा घाट चढायला लागलो. भर मे महिना, सामान जास्त, इंजिन धापा टाकायला लागलं. तू म्हणालीस, "मी उतरते, जनावराला दया दाखवा." मी म्हटलं, पायी किती चालशील, हळूहळू ये, मी वर थांबतो. आणि मी निघालो, एक वळण, दुसरं वळण, धुरळा, घाम. मध्ये एकदा प्लग साफ केला. वर पोचलो तर कठड्यावर एक बाई पाय हलवत बसलेली, ओच्यात करवंदं. रस्त्याने नागमोडी वळणं घेतली होती, तू गुराख्यांच्या पायवाटेने सरळ वर आली होतीस. मला म्हणालीस, "बराच वेळ लावलात. वाटेत कोणी भेटलं का?" आणि मग ते हसणं. पाचगणीपर्यंत तू हसत होतीस. मी रागावलेला राहायचा पुष्कळ प्रयत्न केला.

अस्थींचा विषयही कठड्यावरच निघाला होता. भांडणाच्या भरात नाही, अगदी मजेत. खाली पुलावरून मुंबईची गाडी वर येत होती, विजेचं इंजिन लावलेली. तू डब्यांकडे बोट केलंस.

"त्यात बघा, कोणीतरी कोणाला तरी मांडीवर घेऊन बसलं असेल."

मला कळेना.

"अहो, अस्थी. दादांचे यजमान. कुठून कुठून येतात. ज्या म्हातारीने जन्मात वेस ओलांडली नाही, तीपण मेल्यावर आगगाडीत बसून नाशिक बघून जाते. आणि मी बघा. पंचवटीत मरणार, चार पावलांवर रामकुंड. सगळ्या जगाचा प्रवास होतो तो आपल्याकडे येण्यासाठी, आणि माझा मेला होणारच नाही!"

मी म्हटलं, मग तुला कुठे जायचंय?

"इथं. एवढंच. एकदा इथवर आणा, जरा बसू द्या, मग न्या खुशाल बुडवायला."

"दादा काय म्हणतील?"

"ते तुम्ही आणि दादा बघून घ्या. मी तेव्हा बोलायला नसणार, माझी कटकट संपली."

"आणि मी आधी गेलो तर?"

तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "मग मी आणीन तुम्हाला."

"तुला चालवता येते?"

"तोवर येईल. नुसता कान तर पिळायचा."

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. इंजिन गार झालं, किक मारली, विषय तिथेच राहिला. त्यानंतर तू तो काढला नाहीस. पण तापाच्या त्या शेवटच्या दिवसांत, शुद्ध हरपल्यावर, तू अंथरुणात एकदा डावीकडे लवायचीस, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. वहिनी म्हणाल्या, तगमग होतेय. वैद्यांनी तेच सांगितलं. मला मात्र कळत होतं. तू घाट उतरत होतीस, आणि मी गाडी चालवायला तिथे नव्हतो, कडेला पाट मांडून बसलो होतो. वेणू, इतका निरुपयोगी मी जन्मात कधी नव्हतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी तुझ्या अस्थी गोळा केल्या. मडक्यात घातल्या, वर फडकं बांधलं. अण्णा, दादांच्या शेजारी बसणारे उपाध्ये, पुढच्या विधीची तयारी करून थांबले होते, कारण घरचं सुतक म्हणून दादांना स्वतः काही करता येत नव्हतं. बाहेरगावचे लोक दहा दिवसांत कधीतरी पोचतात. आपण काठावरचे. आपल्याकडे अस्थी उचलायच्या आणि तिथून उठून सोडायच्या, एवढंच.

मी म्हटलं, "आज नाही. आधी तिला कसाऱ्याच्या घाटात न्यायचंय."

दादांना वाटलं, मला भ्रम झाला. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्यांना कळलं की मी धड आहे, तेव्हा त्यांचा आवाज चढला. "श्रीपाद, लोक गंगेकडे येतात. गंगेच्या काठावरून उचलून कोणी उलटं नेत नाही. असं आजवर झालेलं नाही."

"शास्त्रात मनाई आहे?"

दादा थांबले. खोटं ते बोलत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. "दहाव्याच्या आत विसर्जन व्हावं, एवढंच आहे," ते म्हणाले. "पण शास्त्रात नाही म्हणून काय वाटेल ते करायचं? लोक काय म्हणतील? उपाध्यांच्या घरची सून, आणि तिच्या अस्थी फटफटीवर फिरवल्या?"

"तिने मागितलं होतं, दादा."

"कधी? कोणाला? ती तर कधी काही मागत नसे!"

ते त्यांनी इतक्या खरेपणाने विचारलं की माझा राग उतरला. तेरा-चौदा माणसांच्या घरात त्यांनी तुझ्या तोंडून कधी काही मागणं ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मला मागितलं. घाटात. आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ते आता द्यायचंय." दादांनी तोंड फिरवलं. अण्णांनी दर्भ गुंडाळून ठेवले. मडकं मी पिंपळाच्या फांदीला बांधलं, आणि दादा माझी वाट न बघता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी फटफटी गल्लीत काढली. टोपली रिकामी. रिकामी टोपली घाटात न्यायची म्हणजे जिवाशी खेळ, पहिल्याच डाव्या वळणाला ती वर उचलेल. म्हणून नदीवरून पोत्यात वाळू भरून आणली होती, ती आत ठेवत होतो. तू बसायचीस तिथे ते पोतं काही नीट बसेना. डोकं बाहेर काढून बसल्यासारखं दिसत होतं. मी ते दाबत होतो.

"ते कशाला?" मागून आवाज आला. दादा ओट्यावर उभे.

"वजन लागतं. नाहीतर गाडी उलटते."

"तिच्या जागी वाळू?"

दादा दोन पायऱ्या उतरले, थांबले, उरलेली उतरले. मग म्हणाले, "काढ ते पोतं."

मला वाटलं, पुन्हा कालचंच सुरू होणार. मी म्हटलं, "दादा, मी जाणार आहे."

"जा म्हणूनच सांगतोय. पोतं काढ. मी बसतो."

मी वेड्यासारखं म्हणालो, "दादा, सीट चामड्याची आहे."

"सुतक आहे, श्रीपाद," दादा म्हणाले. "सुतकात कसलं सोवळं? दहाव्यापर्यंत मला काही बाटत नाही." आणि सीटकडे बघत, "कुत्राही बसला असेल तर बसला."

वेणू, आपण दोघांनी इतकी वर्षं डोकं खपवलं, पण ही वाट आपल्या ध्यानात आली नव्हती. दादांना आपल्या फटफटीत बसायला मुभा असलेले दिवस आयुष्यात कधी येणार असतील, तर ते हेच होते. ते तुझ्यामुळे आले.

दादांचा देह तुला माहीत आहे. त्यांनी उजवा पाय आत घातला आणि अडकले. तेवढ्यात दारातून वहिनी म्हणाल्या, "आधी डावा घाला, मग त्या पुढच्या दांडीला धरून खाली बसा." दादांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींनी पदर पुढे ओढला आणि आत गेल्या. गंगापूर रोडच्या पेरूच्या बागांतून त्यांना आपण फिरवून आणलं होतं ते आपल्या तिघांपुरतं होतं, मी अजूनही तोंड उघडलेलं नाही. दादांनीही विचारलं नाही. त्यांनी आधी डावा पाय घातला.

पिंपळापाशी थांबून मडकं उतरवलं आणि दादांच्या मांडीवर दिलं. सुतकात पायांत काही घालायचं नसतं, तेव्हा अनवाणी किक मारली, तळवा सोलला. नदीवरच्या पुलावरून जाताना टांगेवाले टांगे थांबवून बघत होते. दादांचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा स्थिर होता, फक्त शेंडी वाऱ्यावर उडत होती.

इगतपुरीपर्यंत रस्ता सरळ होता. मी त्यांना वळणांचं समजावून सांगितलं होतं, डाव्याला डावीकडे, उजव्याला माझ्या मागे. त्यांनी "हं" म्हटलं होतं. पण घाट सुरू झाला, पहिलं डावं वळण आलं, खाली दरी दिसली, आणि दादांनी एका हाताने मडकं पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने मला मिठी मारली. म्हणजे उजवीकडे! टोपलीचं चाक उचललं. मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा मी दादांवर ओरडलो. "डावीकडे! दादा, बाहेर लवा! बाहेर!"

ते लवले. मंत्र म्हणायला सुरुवात केली होती ती मध्येच सोडून लवले. चाक जमिनीवर आलं. पुढच्या वळणाला पुन्हा चुकले, त्याच्या पुढच्याला जरा बरे लवले, आणि घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत माझे हात भरून आले होते, खांदे दुखत होते. कसाऱ्याला गाडी वळवताना मला एकदम हसू फुटलं, आणि ते डोळ्यांतून वाहायला लागलं. वेणू, त्या भांडणाचा निकाल लागला. वळवायचीस तूच. मी इतकी वर्षं नुसता कान पिळत होतो. हे मी घाटाकडे तोंड करून मोठ्याने बोललो. दादांनी विचारलं, "काय म्हणालास?" मी म्हटलं, तुम्हाला नाही.

चढताना दादा सरावले. मी अतिशयोक्ती करत नाही. सोवळ्याचा, नेमाचा माणूस, एकदा रीत कळली की ती काटेकोर पाळणार. डाव्याला डावीकडे, उजव्याला उजवीकडे, मडकं मात्र मध्यावर स्थिर. अर्ध्या चढावर एक खडीची गाडी समोर आली, तर दादा माझ्या आधी ओरडले, "अरे, समोर बघ! दिसत नाही का?" तो आवाज मी रामकुंडावरच्या गर्दीतही कधी ऐकला नव्हता.

आपल्या कठड्यापाशी थांबलो. इंजिन लाल झालं होतं. मी म्हटलं, गार होईपर्यंत बसावं लागेल. दादा तुला मांडीवर घेऊन कठड्यावर बसले, तोंड दरीकडे. मग ते म्हणाले, "काय बोलायची रे ती इथे?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण पुष्कळसं. करवंदांचं सांगितलं, तेव्हा ते खो खो हसले, आणि हसताना मडक्यावर आपोआप हात घट्ट केला. गोऱ्या बाईला नमस्कार केल्याचं सांगितलं. आगगाडीतल्या म्हातारीचं सांगितलं, तेव्हा मात्र हसले नाहीत. उपरण्याने चष्मा पुसत बसले. "आमच्या ओसरीवर इतकी वर्षं वावरली," ते म्हणाले, "आणि आम्ही तिचा आवाज ऐकला नाही. रीत म्हणून. चांगली रीत आहे, मी तिला वाईट म्हणणार नाही. पण ऐकायला हवा होता." तेवढ्यात पुलावर गाडी आली. दादांनी मडकं दोन्ही हातांनी जरा वर उचललं, आणि इतकी वर्षं त्यांनी तुला कधी थेट हाक मारली नव्हती ती मारली. "बघ, वेणूबाई. गाडी."

मी इंजिनाला हात लावला. गार झालं होतं. मी म्हटलं, "अजून तापलंय."

दादा म्हणाले, "असू दे. घाई नाही."

ऊन उतरल्यावर परत निघालो. मडकं एक रात्र पुन्हा पिंपळाला टांगलं, आणि आज सकाळी तुला रामकुंडावर नेलं. आज तू माझ्या हातांत होतीस. गर्दी नेहमीची. माळव्याकडची माणसं, वऱ्हाडातली माणसं, सगळ्यांच्या हातांत फडक्यात बांधलेलं काहीतरी, डोळ्यांत प्रवासाचा शीण. आम्ही पायरीवर आलो, तेव्हा अण्णा खाली बघून दर्भ निवडत होते. दिवसभरात ते शंभरांना विचारतात तेच त्यांनी मान वर न करता, सवयीने विचारलं.

"कुठून आणल्या अस्थी?"

विचारल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, समोर शेजारचेच लोक आहेत. त्यांनी जीभ चावली. मी काही बोलणार, तोच दादा पुढे झाले. छाती काढून, यजमान बोलतात तसं बोलले.

"कसाऱ्याच्या डोंगरातून. दोन दिवसांचा प्रवास करून आलोत."

अण्णांनी दादांकडे पाहिलं, माझ्या सोललेल्या तळव्याकडे पाहिलं, मग मडक्याकडे. हातातले दर्भ खाली ठेवले आणि लांबच्या माणसांसाठी ठेवलेला पाट त्यांनी स्वतः पुढे सरकवला.

"फार लांबून आलात," ते म्हणाले. "दमला असाल. आधी जरा बसा."

आम्ही बसलो, वेणू. तिघेही.